शांत केलेले मूल

मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसण्याआधी लहान मुलाला चमचाभर सिरप पाजायचे, म्हणजे घाटाच्या वळणांत त्याला उलटी होत नाही आणि दापोली येईपर्यंत ते उठतही नाही. ही युक्ती चाकरमान्यांच्या घरांत आईकडून लेकीकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे जात आली आहे. गणपतीला किंवा मे महिन्यात दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यात उतरणारी काही पोरे सकाळी दहापर्यंत पेंगत असतात, ती नुसत्या जागरणाने नव्हे. औषधाच्या कागदावर दुष्परिणाम म्हणून छापलेली गुंगी इथे औषधाचा मुख्य उपयोग होऊन बसली आहे. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, म्हणून सवय टिकते. पण ज्या वेळी बिघडते, त्या वेळी ते औषधामुळे बिघडले हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. मला जास्त भीती वाटते ती याची.

मुलाला गुंगीत ठेवण्याची रीत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला नवी नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या कामगारांचा भरणा सर्वांत मोठा होता. दिवसभर गिरणीत राबणाऱ्या बाया तान्ह्या पोराला चाळीत ठेवून जात आणि ते रडू नये म्हणून त्याला अफूची ‘बाळागोळी’ देत. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी 1922 च्या अहवालात नोंदवले की गिरणीत जाणाऱ्या बायांच्या शंभरातल्या 98 तान्ह्यांना अफू दिली जात होती. त्या आयांना दोष द्यायला माझे मन धजत नाही. पाळणाघर नव्हते, खाडा केला की मजुरी बुडत होती. अफू गेली, पण थकलेल्या घराला गप्प पोर हवे असते ही निकड राहिली आणि अफूच्या जागी बाटल्या आल्या.

या बाटल्यांत आणि गोळ्यांत वेगवेगळ्या जातीची औषधे असतात. प्रोमेथाझिन सर्दी, खाज आणि गाडी लागण्यावर देतात, मेटोक्लोप्रामाइड उलटीवर, हॅलोपेरिडॉल आणि रिस्पेरिडोन मानसिक आजारांत. कारणे निराळी असली तरी ही सगळी मेंदूत कमी-अधिक प्रमाणात एकच काम करतात, डोपामाइनची वाट अडवतात. कोणता स्नायू कधी आवळायचा आणि कधी सैल सोडायचा, याचा हिशोब मेंदूच्या खोल भागात डोपामाइनच्या आधाराने चालतो. वाट अडली की तो हिशोब चुकतो. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये तो लवकर चुकतो.

हा हिशोब चुकला की काय दिसते, ते प्रत्येक घराला माहीत हवे. उलटीचे औषध सुरू होऊन काही तास किंवा एखाद-दोन दिवस झालेले असतात. मुलाची मान एका बाजूला वळते आणि सरळ करू म्हटले तरी होत नाही. डोळे वर चढतात आणि तिथेच राहतात. जबडा आवळतो, जीभ बाहेर येते, बोलणे बोबडे होते, कधी पाठ कमानीसारखी मागे ताणली जाते. मूल या सगळ्यात शुद्धीवर असते. हाक मारली तर त्याला ऐकू येते, दुखते हेही कळते, फक्त शरीर ऐकत नाही. डॉक्टर याला अक्यूट डिस्टोनिया म्हणतात.

आता हेच दृश्य रात्री अकराला एखाद्या वाडीत घडते आहे असे समजा. कोणी म्हणते आकडी आली, कोणी म्हणते धनुर्वात, कोणी म्हणते बाहेरचे आहे, संध्याकाळी खाडीकडे नेले होते ना. अंगारा लावला जातो, भगताला निरोप जातो. दवाखान्यात नेलेच, तर काल दिलेल्या सिरपचा उल्लेख कोणी करत नाही, कारण ते साधे उलटीचे औषध, त्याचा मानेशी काय संबंध? मग आकडीचे उपचार सुरू होण्याची शक्यता असते. खरे तर ओळख पटली तर ठरावीक इंजेक्शनने हा ताण बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. एक वाक्य डॉक्टरांच्या कानावर पडायला हवे: कालपासून हे औषध चालू आहे. बाटली सोबत न्यावी. घरात निदान करत मात्र बसू नये, कारण खरी आकडी, मेंदूज्वर आणि धनुर्वात हेही असेच दिसू शकतात. अंग ताठ आणि सोबत जोराचा ताप असेल तर क्षणभरही थांबू नये, 108 ला फोन करावा.

युरोपच्या औषध नियामकाने 2013 मध्ये मेटोक्लोप्रामाइड एक वर्षाखालील बाळांना पूर्ण वर्ज्य केले आणि त्यावरच्या मुलांना दुसरा उपाय नसेल तरच द्यावे असे ठरवले, ते मेंदूवरच्या याच परिणामांमुळे. प्रोमेथाझिनचा धोका निराळा आहे. दोन वर्षांखालील मुलांचा श्वास त्याने मंदावून थांबू शकतो, मृत्यूही झाले आहेत, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2006 मध्ये ते या वयात देऊ नका असे पुन्हा बजावले. भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचे सर्दीचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये, तशी सूचना लेबलवर छापावी, असा आदेश दिला. लेबल वाचणारा कोणी नसेल, तर आदेश छापील कागदावरच राहतो. म्हणून दुकानदाराने बाटली हातात देताना मुलाचे वय विचारावे, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

याहून अवघड गोष्ट दीर्घकाळ चालणाऱ्या औषधांची. स्वमग्न मूल स्वतःला चावते, भिंतीवर डोके आपटते, रात्रभर जागते. अशा घरात आई-वडील महिनोन्महिने झोपलेले नसतात, त्यांना ‘औषध देऊ नका’ असे सांगणे क्रूरपणाचे होईल. रिस्पेरिडोनचा अशा मुलांना उपयोग होतो. 2002 मध्ये 101 मुलांवरच्या आठ आठवड्यांच्या अमेरिकी अभ्यासात चिडचिड आणि आक्रमकपणा स्पष्ट कमी झालेला दिसला, आणि 2006 मध्ये तिथे त्याला याच कारणासाठी मान्यता मिळाली. औषध योग्य जागी योग्य आहे. प्रश्न पुढच्या देखरेखीचा आहे.

रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी काही मुलांना अकॅथिसिया होतो. आतून अशी तगमग होते की बसवत नाही, पाय सारखे हलतात, मूल येरझाऱ्या घालते, चिडते, रडते. सांगता येणारे मूल सांगेल. न बोलणारे कसे सांगणार? शाळेतून तक्रार येते, घरचे म्हणतात पोर आणखी वांड झाले, आणि पुढच्या भेटीत मात्रा वाढते. मात्रा वाढली की तगमगही वाढते. औषधाने केलेले मुलाच्या स्वभावाच्या नावावर जमा होते आणि त्यावर आणखी औषध मिळते. मान वाकडी झाली तर निदान घाबरून कोणी धावते तरी, या तगमगीकडे मात्र सगळे पाठ फिरवतात. मला ही सगळ्यांत मोठी चूक वाटते, कारण ती प्रेमाने आणि काळजीने केली जाते.

महिने-वर्षे औषध चालल्यावर काहींच्या ओठांना, जिभेला, बोटांना आपोआप होणाऱ्या हालचाली जडतात. मूल चघळल्यासारखे तोंड हलवते, जीभ आतबाहेर करते. हा टार्डिव्ह डिस्किनेसिया, आणि औषध थांबवल्यावरही तो कधी कधी राहतो. औषध एकदम तोडले तर तशाच हालचाली नव्याने दिसू शकतात, म्हणून लेख वाचून कोणी आजच गोळी बंद करू नये. डायझेपाम, क्लोनाझेपाम यांसारखी निराळ्या जातीची, झोप आणणारी औषधेही अचानक थांबवली तर आकडी येऊ शकते. खऱ्या आकडीत हीच औषधे जीव वाचवतात, पण झोपेसाठी दिली तर काही मुले पेंगण्याऐवजी उलट बेभान होतात. डायझेपाम, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम ही ‘एच-1’ यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि प्रत्येक विक्रीची दुकानात वेगळी नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. आजीच्या डब्यातली अर्धी गोळी मात्र कोणत्याच वहीत येत नाही.

जायफळाचेही सांगायला हवे, कारण ते इथल्याच वाडीत होते. नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळ लावायला दापोलीच्या कृषी विद्यापीठाने शिकवले, ‘कोकण सुगंधा’ ही जात त्यांचीच. सहाणेवर दुधात दोन वेढे उगाळलेले जायफळ बाळाला चाटवून निजवायचे, ही गुटी घरोघरी आहे. जायफळ पोटात जास्त गेले तर गुंगी, तोंडाला कोरड, जलद नाडी आणि भ्रम होतो. दोन वेढ्यांत नेमके किती गेले हे उगाळणाऱ्या हाताला कळत नाही, आणि रडणे थांबले नाही की वेढे वाढतात. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच नको म्हणते, त्यात गुटीही आली.

आंजर्ल्यातल्या घराला मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ जवळ नाही. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या चारांपैकी एक, पण तिथे जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे तपासणीच्या तारखा लांबतात आणि तीच जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणल्या जातात. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे, मधल्या काळात शंका विचारायला तो वापरता येतो. आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचलात की हालचालींची तपासणी मागून घ्या. तिला यंत्र लागत नाही, दहा मिनिटे लागतात. मुलाला खुर्चीत बसवून हात गुडघ्यांवर ठेवायला सांगतात, तोंड उघडून जीभ बघतात, अंगठा एकेका बोटाला टेकवायला लावतात, मग चार पावले चालवतात. औषध सुरू करण्याआधी एकदा, आणि मग दर तीन ते सहा महिन्यांनी. दिसले ते तारखेसह वहीत लिहून ठेवा, शक्य तर मोबाइलवर चित्रीकरण करा, पुढच्या वेळी डॉक्टर बदललेले असतील.