सतरा पॉइंट्स आणि एक बेट

सुरुवातीलाच कबूल करते. माझं शिक्षण पहिल्यापासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठीचा तास म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतरची हक्काची डुलकी. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मला हसू नका, मराठी विभागाच्या संपादकांना धरा. ‘लिही गं, काही होत नाही,’ असं म्हणून त्यांनीच मला घोड्यावर बसवलं आहे.

तर विषय आहे सुट्टीचा. सबमिशन, ओरल, पेपर आणि (काहींच्या बाबतीत) केटी या सगळ्यातून जे चार-आठ दिवस उरतात, त्यांचं करायचं काय? डिसेंबरमध्ये आमच्या रूमवर यावर मोठी सभा भरली होती. कारण होतं नवी मुंबईचं विमानतळ. इतकी वर्षं ज्याच्या नुसत्या बातम्या वाचत होतो, तिथून २५ डिसेंबर २०२५ ला खरोखरच विमानं उडायला लागली. पनवेलमध्ये राहणाऱ्याला आता विमान पकडायला सांताक्रूझपर्यंत घाम गाळत जायला नको. लगेच ठराव मांडण्यात आला... चला अंदमानला! निळं पाणी, पांढरी वाळू, कोरल, स्कूबा! पाच जणींनी हात वर केले. मी केला नाही.

‘का गं, पैसे नाहीत?’ एकीने विचारलं. पैसे नाहीत हे तर खरंच आहे, पण कारण ते नव्हतं. कारण असं की मी अंदमानला जाऊन आले आहे आणि तरी मी अंदमान पाहिलेलं नाही.

कोडं नाही, सांगते. २०१९ च्या दिवाळीत मी आठवीत होते. आई, बाबा, आजोबा आणि मी एका टूरबरोबर अंदमानला गेलो. सहा दिवसांत सतरा पॉइंट्स! तसं छापील पत्रकच हातात होतं. हॅवलॉक (म्हणजे २०१८ पासूनचं स्वराज द्वीप), नील (शहीद द्वीप), रॉस, सगळं झालं. राधानगर बीचला आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली. त्यातली दहा कपडे बदलण्यात आणि वीस फोटोत गेली. मग शिट्टी! अंदमानचा राज्यप्राणी डुगॉंग आणि राज्यपक्षी तिथलं खास रानकबूतर, हे मला परत आल्यावर जीकेच्या पुस्तकातून कळलं.

पण खरी गोष्ट सेल्युलर जेलमधली. आजोबांना सावरकरांच्या कोठडीत थोडा वेळ बसायचं होतं. कितीतरी वर्षं त्यांनी या जागेबद्दल वाचलेलं. ते भिंतीला हात लावून उभे राहिले आणि बाहेरून आवाज आला, ‘काका, आटपा, मागे लाइन आहे!’ आजोबा मुकाट्याने बाहेर आले. बसमध्येही काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ते गेले. पत्रकावर त्या जागेपुढे बरोबरची खूण केलेली आहे. ते पत्रक अजून आमच्या कपाटात आहे.

म्हणून मी हात वर केला नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘बेटच बघायचंय ना? मग माझ्या गावी चल.’ हिला आम्ही घारू म्हणतो. डोळे घारे नाहीत, चांगले काळेभोर आहेत. गाव घारापुरी म्हणून घारू!

आता तुमच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला दिसतंय. घारापुरी? एलिफंटा? ते तर शाळेच्या सहलीत झालं! माझंही झालं होतं. गेटवेहून लाँचने तासभर, धक्क्यावरून छोटी आगगाडी, शंभराच्या वर पायऱ्या, लेणी, माकडाने पळवलेलं वेफर्सचं पाकीट आणि परत. पण एक गंमत बघा. हे बेट मुंबईचं नाहीच, आपल्या रायगडचं आहे, उरण तालुक्यातलं. पनवेलच्या हॉस्टेलवर राहून आपण त्याला ‘मुंबईचा पॉइंट’ म्हणतो!

जानेवारीत सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी चार दिवस मी गेले. बेटावर पर्यटकांना रात्री राहायची परवानगी नाही. त्यामुळे मुक्काम मोऱ्याला, घारूच्या मावशीकडे. पनवेलहून लोकलने बेलापूर, तिथून उरणची लोकल (ही लाइन जानेवारी २०२४ मध्ये थेट उरणपर्यंत सुरू झाली), पुढे रिक्षा. मोऱ्याच्या धक्क्यावरून घारापुरी समोरच दिसते. दोन डोंगर आणि मधे खळगा, उंटाच्या पाठीसारखं. रोज सकाळी होडीने जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. आईचा रोज फोन, ‘लाइफ जॅकेट घातलंस ना?’ डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला जाणाऱ्या लाँचला झालेला अपघात ती विसरलेली नाही, आणि विसरूही नये. मी घातलं होतं. तुम्हीही घाला, फोटोत वाईट दिसलं तरी.

पहिल्या दिवशी लेण्यांत गेलो. घारू म्हणाली, ‘फोटो नंतर. आधी बस.’ महेशमूर्तीसमोर आम्ही बसून राहिलो. साधारण सहाव्या शतकातली ही मूर्ती जवळजवळ वीस फूट उंच आहे. मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत आणि मुख्य दार उत्तरेला, त्यामुळे ऊन थेट अंगावर येत नाही. उजेड खांबांमधून गाळून येतो आणि हळूहळू सरकतो. मधला चेहरा शांत, एक बाजूचा उग्र, दुसरा कोमल, हे गाइड सांगतोच. पण उजेड सरकला की त्या उग्र चेहऱ्याची मिशी आधी दिसते आणि कोमल चेहऱ्याच्या हातातलं फूल नंतर, हे कुणी सांगत नाही. तेवढा वेळ कुणाकडे नसतो. आम्ही बसलो होतो तेवढ्यात चार ग्रुप आले आणि गेले. १९८७ पासून जागतिक वारसा असलेल्या जागेला सरासरी चार मिनिटं! (हे माझ्या घड्याळाचं मोजमाप, सरकारी आकडा नव्हे.)

आणि हो, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव ठेवलं, तो दगडी हत्ती बेटावर नाहीच. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो उचलून न्यायचा घाट घातला आणि त्याचे तुकडे झाले. ते जोडून उभा केलेला हत्ती आज मुंबईत राणीच्या बागेत आहे. न्यायची घाई झाली की काय होतं, त्याचं यापेक्षा वजनदार उदाहरण माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही लेण्यांकडे फिरकलोच नाही. बेटावर तीन गावं आहेत. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर (हे मोऱ्याहून वेगळं बरं का). लाँचने येणारे बहुतेक लोक शेतबंदरला उतरतात आणि तिथूनच परततात. आम्ही चालत मोराबंदरला गेलो. वाटेत चिंच, आंबा, करंज, आणि किनाऱ्याला तिवरांची दाट रांग. ओहोटी लागली होती. चिखलात बघते तर काय, मासे चालतायत! निवट्या. पुढच्या पंखांवर रेटत येतात, उडी मारतात, तोंड वर करून बघतात. त्यांच्याभोवती इवले खेकडे, एकच नांगी मोठी, ती सारखी हलवत. वर बगळे आणि खंड्या टपलेले. घारू म्हणाली, ‘निवट्यांचं कालवण खाल्लं नाहीस ना? मावशीला सांगते.’ (खाल्लं. मेसवाल्या काकांची क्षमा मागून सांगते, तसलं काही आपल्या मेसमध्ये जन्मात मिळणार नाही.)

तिसऱ्या दिवशी वरच्या डोंगरावर तोफांपाशी गेलो. ब्रिटिशांच्या त्या लांबलचक तोफांना टेकून सगळं दिसतं. एकीकडे जेएनपीटीच्या क्रेन, दुसरीकडे जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, उत्तरेला अटल सेतू. पोस्टकार्डावरचं निळं पाणी इथे नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पाणी मातकट आहे. पण त्या मातकट पाण्याच्या काठावरच निवट्या जगतात, आणि खाडीच्या चिखलासाठीच हिवाळ्यात रोहित पक्षी आपल्या उरणच्या पाणथळीत उतरतात. सुंदर म्हणजे निळंच, हे आपल्याला जाहिरातींनी शिकवलं.

तिथे बसून मी एक मूर्खपणाचं वाक्य बोलले. म्हटलं, ‘तुम्ही किती नशीबवान गं! रिसॉर्ट नाही, गर्दी संध्याकाळी जाते, किती शांत!’

घारू बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तुला शांत वाटतं. मी सहावीत असेपर्यंत इथे रात्री तीन-साडेतीन तास जनरेटर चालायचा. तेवढ्यात अभ्यास, तेवढ्यात जेवण. तो बंद झाला की शांतच होतं.’

आपण इलेक्ट्रिकलवाले. वीज म्हणजे आपल्याला सिंगल लाइन डायग्राम. घारापुरीला वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी, न्हाव्याच्या बाजूने समुद्राच्या तळातून टाकलेल्या साडेसात किलोमीटर केबलने. म्हणजे आपल्याच पनवेल तालुक्याच्या किनाऱ्यावरून! ज्या दिवशी ती आली त्या दिवशी मी एसीत बसून युनिट टेस्टचा अभ्यास करत असणार. घारू म्हणते, तिच्या आजीने पहिल्या रात्री दिवा बंदच करू दिला नाही.

मग तिने मला खरा प्रश्न विचारला. ‘माझी आई पायऱ्यांवर काकड्या आणि ताक विकते. लाँचवाला माणूस दोन तासांत सगळं उरकून पळतो. जाताना घासाघीस करतो, माकडाला खायला देतो, बाटली टाकतो. पावसात समुद्र खवळला की तोही येत नाही. मग मला नोकरीसाठी बेट सोडावंच लागणार ना? तुम्हाला बेट शांत पाहिजे, आम्हाला काम पाहिजे. सांग, काय करायचं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत आल्यावर महिनाभर विचार केला, आणि हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. चुकत असेल तर सांगा.

मोठं रिसॉर्ट नको, यावर मी ठाम आहे. मुंबईहून रोपवे आणायच्या बातम्याही अधूनमधून पेपरात येतात. रोपवेने माणसं जास्त येतील, पण थांबणार तेवढीच. पण ‘काहीच नको, आहे तसंच राहू दे’ हेही म्हणायचा मला अधिकार नाही. ते माझं पोस्टकार्ड नाही, घारूचं घर आहे. आपण कुठलंही कनेक्शन देताना आधी काय विचारतो? लोड किती? तसंच बेटाचं मोजा. उन्हाळ्यात पाणी किती उरतं, कचरा किती उचलता येतो, घरं किती. तेवढा हिशोब करून, गावकऱ्यांच्या स्वतःच्या घरात, मोजक्या पाहुण्यांना मुक्काम करू द्यावा. बारा पाहुणे झेपत असतील तर बारा. तेरावा पुढच्या आठवड्यात येईल. ज्याच्याकडे वेळ आहे तो पाहुणा जेवतो, चालतो, तिन्ही गावांत जातो, आणि त्याचे पैसे पायऱ्यांवरच संपत नाहीत.

नियम बदलणं आपल्या हातात नाही. पण घाई न करणं तर आहे? दोन तासांऐवजी दिवसभर थांबलो, दुपारचं जेवण तिथेच कुणाच्या घरी सांगून ठेवलं, बाटली परत आणली, तर त्याला कुठला जीआर लागत नाही.

अंदमानला जाणाऱ्या माझ्या पाच रूममेट्सना माझा विरोध नाही. जा जरूर. पण सतरातले बारा पॉइंट्स खोडा. एका किनाऱ्यावर भरती-ओहोटी पूर्ण बघा. आणि बरोबर कुणी आजोबा असतील, आणि ते एखाद्या भिंतीला हात लावून उभे राहिले, तर कृपया त्यांना आटपा म्हणू नका. मागची लाइन थांबेल.

घारापुरीला येणार असाल तर सोमवारी येऊ नका, लेणी बंद असतात. पहिल्या होडीने जा, शेवटच्या होडीची वेळ विचारून ठेवा. पायऱ्यांवर काकडी विकणाऱ्या कुठल्याही काकूंकडे थांबलात तरी चालेल. आमच्या घारूची आई असेल तर ओळखायला सोपं आहे. दमून वर आलेल्या प्रत्येक मुलीला ती आधी एकच वाक्य म्हणते, ‘बस गो पोरी, पानी पी.’ पैशांचं नंतर.

— टी. ई. (इलेक्ट्रिकल), मुलींचे वसतिगृह