ग्रीनलंडचा स्वराज्यमार्ग

ग्रीनलंड हे जगातील सर्वांत मोठे बेट. वस्ती मात्र जेमतेम ५७,००० आणि तीही बहुतांशी इनुइट लोकांची. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी २०१९ साली व पुन्हा २०२५ साली हे बेट ताब्यात घेण्याची भाषा केली, तेव्हा आमचे बेट विक्रीला नाही, असे ग्रीनलंडच्याच सरकारने ठणकावून सांगितले. हे बळ एका दिवसात आलेले नाही. त्यासाठी जोनाथन मोट्झफेल्ट यांची कारकीर्द पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मोट्झफेल्ट यांचा जन्म १९३८ साली बेटाच्या दक्षिण भागात झाला. धर्मशास्त्र शिकून ते पाद्री झाले. १९५३ साली डेन्मार्कने ग्रीनलंडची वसाहत संपवून तिला आपल्या राज्यात सामील केले. हक्क कागदावर समान झाले, पण कारभाराची सूत्रे कोपेनहेगनमध्येच राहिली. त्याच वर्षी थुले येथील अमेरिकन लष्करी तळासाठी इनुइट कुटुंबांना आपले गाव सोडावे लागले. दिएगो गार्सियाची हकिकत जाणणाऱ्या आम्हां मॉरिशसवासीयांना यातील दुःख निराळे सांगायला नको.

ठिणगी पडली ती मासळीवरून. १९७२ च्या मतदानात ग्रीनलंडच्या सुमारे ७० टक्के मतदारांनी युरोपच्या सामायिक बाजारपेठेला नकार दिला. तरीही १९७३ साली डेन्मार्कबरोबर त्यांना तीत जावे लागले आणि परक्या ट्रॉलरांना आपले पाणी मोकळे होणार, ही भीती बळावली. १९७७ साली मोट्झफेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सिउमुत’ म्हणजे ‘पुढे’ हा पक्ष स्थापन केला. जानेवारी १९७९ च्या सार्वमतात होमरूलला मोठे बहुमत मिळाले. १ मे रोजी ते अमलात आले आणि मोट्झफेल्ट पहिले पंतप्रधान झाले. लोकमान्य टिळकांमुळे हा शब्द मराठी माणसाच्या परिचयाचा आहेच.

मोट्झफेल्ट यांनी एकदम स्वातंत्र्य मागितले नाही. शाळा, समाजकल्याण, मासेमारी अशी जी खाती चालवता येतील, ती एकेक करून हाती घेतली. १९८२ साली पुन्हा सार्वमत झाले आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी ग्रीनलंड त्या बाजारपेठेतून बाहेर पडले. मासेमारीचा हक्क घरी राहिला. युरोपला आता त्यासाठी पैसे मोजावे लागू लागले. १९९१ साली त्यांचे पद गेले, १९९७ ते २००२ या काळात ते पुन्हा मिळाले.

ही चाल फार मंद, असा आक्षेप घेणारे तेथेही आहेत आणि तो अगदीच पोकळ नाही. सरकारी उत्पन्नाचा सुमारे निम्मा भाग आजही डेन्मार्कच्या अनुदानातून येतो. परंतु २१ जून २००९ च्या कायद्याने ग्रीनलंडवासीयांना स्वतंत्र जनसमूह म्हणून मान्यता दिली, खनिजांवर हक्क दिला आणि स्वातंत्र्याचा निर्णय त्यांच्याच हाती ठेवला. मोट्झफेल्ट हा दिवस पाहून २०१० साली निवर्तले.

आमच्या मते खरी कसोटी आता आहे. अनुदान देणारा व बेट मागणारा, दोघेही बलाढ्य आहेत. अशा वेळी लहान लोकांचा आधार म्हणजे स्वतःची लोकसभा, स्वतःची भाषा आणि आपल्या मतपेटीतून आलेला कायदा. मोट्झफेल्ट यांनी हाच आधार मागे ठेवला आहे; त्याला स्वतःच्या कमाईची जोड देण्याचे काम पुढच्या पिढीने करावयाचे आहे.