सेन्सर गेलाय, बदलून टाका!

"या वर्षी मराठी विभागात तूही काहीतरी लिही," असं संपादक मंडळातली मैत्रीण म्हणाली तेव्हा आधी मी हसलेच. आमची शाळा कॉन्व्हेंट. वर्गात मराठी बोललं की दंड! त्यामुळे एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा आजही गोंधळ होतो, आणि मेसचा हिशोब करताना हॉस्टेलच्या मैत्रिणी त्याची भरपूर मजा घेतात. पण जी गोष्ट सांगायची आहे ती मला मराठीतच कळली, म्हणून मराठीतच लिहितेय. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

मागच्या उन्हाळ्यात मी ट्रेनिंगसाठी एका वर्कशॉपमध्ये होते. तिथे डोझर, लोडर, एक्सकॅव्हेटर अशी अवजड यंत्रं दुरुस्तीला येतात. बाकीच्या मैत्रिणी पुण्यात ए.सी. ऑफिसात, आणि मी कोपरापर्यंत ग्रीसमध्ये! एक दिवस खडी क्रशरवरचा एक व्हील लोडर आला. तक्रार अशी की इंजिन लोड घेत नाही आणि डॅशबोर्डवर लाल-पिवळे दिवे लागतात. फोरमन आणि वायरमन काका दोघंही दुसऱ्या साईटवर गेलेले. मी लॅपटॉप जोडला. स्क्रीनवर तीन कोड आले. पहिला होता १०० आणि त्यापुढे ४. तक्त्यात पाहिलं, १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर. झालं! व्हायवाला उत्तर येत नसताना आपण ज्या आत्मविश्वासाने बोलतो ना, त्याच आत्मविश्वासाने मी क्रशरच्या शेठना सांगितलं, "सेन्सर गेलाय, बदलून टाका."

सेन्सर पुण्याहून यायला तीन दिवस लागले. तोवर लोडर उभा, म्हणून क्रशर अर्धा बंद. शेठनी काही हजार रुपये रोख मोजले. दुकानदाराच्या बिलावरच छापलेलं होतं, इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतले जाणार नाहीत. लोडरचा ऑपरेटर रोजंदारीवरचा. यंत्र बंद म्हणजे त्याचा खाडा. तो तीनही दिवस वर्कशॉपच्या फाटकाजवळ झाडाखाली बसून होता. चौथ्या दिवशी नवा सेन्सर बसवला, चावी ऑन केली... आणि तोच कोड! ऑपरेटर उठून आला आणि विचारलं, "ताई, आज तरी चालू होईल का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुपारी वायरमन काका परतले. शिक्षण आठवी, अनुभव तीस वर्षांचा. त्यांनी आधी डिपस्टिक काढून ऑइल पाहिलं, ते बरोबर होतं. मग लॅपटॉपसमोर बसले आणि म्हणाले, "मला इंग्रजी येत नाही. तू कॉन्व्हेंटची ना? तिन्ही ओळी वाच, आणि मराठीत सांग."

मी वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादा फॉल्ट कोड मराठीत सांगत होते, त्यामुळे प्रत्येक शब्दावर थांबावं लागलं. "ऑइल प्रेशर सेन्सरच्या सर्किटचं व्होल्टेज, नेहमीपेक्षा कमी."

काका म्हणाले, "यात सेन्सर खराब आहे असं कुठं लिहिलंय?"

मित्रांनो, खरंच कुठेही लिहिलेलं नव्हतं!

आता थोडं तांत्रिक, पण सोपं करून सांगते. अवजड वाहनांत आणि यंत्रांत जे१९३९ नावाची पद्धत वापरतात. तिच्यातल्या कोडचे दोन भाग असतात. पहिला आकडा सांगतो, बिघाड कशाबद्दल आहे. दुसरा सांगतो, बिघाड कोणत्या प्रकारचा आहे. १०० पुढे १ आला तर ऑइल प्रेशर खरोखरच धोक्याच्या खाली गेलंय, इंजिन ताबडतोब बंद करा. १०० पुढे ३ आला तर व्होल्टेज जास्त, ४ आला तर व्होल्टेज कमी. म्हणजे १ ही इंजिनची तक्रार आहे, आणि ३ किंवा ४ ही वायरींतून येणाऱ्या निरोपाची तक्रार आहे. जमीन-अस्मानाचा फरक! आणि मी दुसरा आकडा पाहिलाच नव्हता.

प्रेशर सेन्सरला साधारणपणे तीन वायरी असतात. एकीतून इंजिनचा कॉम्प्युटर ५ व्होल्ट पाठवतो, दुसरी अर्थ, तिसरी सिग्नल. सिग्नल बहुतेक वेळा ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान राहतो. प्रेशर शून्य असलं तरी अर्धा व्होल्ट दिसतोच. खालची आणि वरची जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते, म्हणजे सिग्नल त्या जागेत शिरला की हे प्रेशर नाही, सर्किटमध्ये गडबड आहे, हे कॉम्प्युटरला ओळखता येतं. पण ती गडबड सेन्सरमध्ये आहे, वायरीत आहे, कनेक्टरच्या गंजलेल्या पिनेत आहे की खुद्द कॉम्प्युटरमध्ये, हे त्याला दिसत नाही. त्याला फक्त व्होल्ट दिसतात. तो बिचारा दिसलं तेवढं खरं सांगतो. पुढचं आपण मनाने जोडतो.

काकांनी बाकीचे दोन कोडही वाचायला लावले. १०२ पुढे ४, म्हणजे टर्बोनंतरच्या हवेच्या प्रेशरचं व्होल्टेज कमी. आणि ३५०९ पुढे ४, म्हणजे सेन्सरना मिळणारा सप्लायच कमी. "दोन सेन्सर एकाच दिवशी मरतात होय? यांना जेवायलाच मिळत नाही, तर काम काय करतील!" काका म्हणाले. उत्तर तिसऱ्या ओळीत पहिल्या दिवसापासून समोर होतं. मी मात्र परीक्षेतल्यासारखा पहिला प्रश्न सोडवून मोकळी झाले होते.

मग मल्टिमीटर निघाला. चावी ऑन, इंजिन बंद. सेन्सरचा कनेक्टर काढून सप्लाय आणि अर्थ यांच्यामध्ये मोजलं. ५ व्होल्ट हवे होते, अर्धासुद्धा नव्हता. त्याच सप्लायवर असलेला हवेचा सेन्सरही काढून पाहिला. तो आतून शॉर्ट असता तर काढल्याबरोबर व्होल्ट वर आले असते. काही फरक नाही. मग बॅटरी तोडली, कॉम्प्युटरचा मोठा प्लग काढला आणि सप्लायची वायर ते बॉडी असा रेझिस्टन्स मोजला. जवळजवळ शून्य. म्हणजे वायर कुठेतरी लोखंडाला टेकतेय. काकांनी हार्नेस हाताने चाचपत नेला. एका ब्रॅकेटपाशी प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली होती, तिथे घासून घासून वायरीचं इन्सुलेशन गेलेलं. वायर दुरुस्त केली, टेप, वरून पाइप, नवी क्लिप. पुन्हा मोजलं तर पूर्ण ५ व्होल्ट. काकांनी जुनाच सेन्सर परत बसवला आणि लोडर सुरू झाला! सगळं मिळून तासभर.

शेठ मला काही बोलले नाहीत. नवा सेन्सर पिशवीत टाकत एवढंच म्हणाले, "असू द्या मॅडम, कधीतरी लागेल." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आणि ऑपरेटरचे तीन खाडे? ते कुणीच भरून दिले नाहीत. माझा स्टायपेंड मात्र पूर्ण मिळाला.

आता मुद्द्यावर येते. माझं मत असं की ही चूक माझ्या एकटीची असली तरी सवय आपल्या सगळ्यांची आहे. आपल्या लॅबमध्ये रीडिंग आधी येतात आणि प्रयोग नंतर होतो. सीनियरचं जर्नल समोर ठेवून आपण व्होल्टचे आकडे "मोजतो". ग्राफ सरळ रेषेत आला नाही तर रीडिंग बदलतो, वायर तपासत नाही! तीन वर्षांत मी मल्टिमीटरवर दोन पानी टीप लिहिली आहे, पण एक तुटलेली वायर शोधायला कुणी मला सांगितलं नाही, आणि मीही कधी मागितलं नाही.

काही जण म्हणतील, फील्डवर एवढा वेळ कुणाला असतो? पार्ट बदलणं झटपट होतं. पण आमच्या त्या "झटपट"ला तीन दिवस लागले. तापमानाच्या दोन वायरींच्या सेन्सरला तर तपासणी त्याहून सोपी असते. कोड ४ असेल तर कनेक्टर नुसता काढा. कोड बदलून ३ झाला तर वायर आणि कॉम्प्युटर बहुधा ठीक, संशय सेन्सरवर. बदललाच नाही तर सेन्सर निर्दोष, वायर तपासा. दहा मिनिटं लागतात आणि खर्च शून्य.

काही जण असंही म्हणतील की आम्ही शेवटी सॉफ्टवेअरमध्येच जाणार, आम्हाला काय त्याचं? अहो, एरर मेसेजची पहिली ओळ वाचून भलतंच काहीतरी बदलत बसणारे आमच्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर आहेत! आणि यंत्रांवरचे सेन्सर आता वाढतच जाणार. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना प्रदूषणाचे नवे, कडक नियम लागू झाले, तेव्हापासून धुराच्या नळीवरही सेन्सर आले. जितके सेन्सर तितक्या वायरी, आणि तितकेच "बदलून टाका" म्हणणारे.

म्हणून सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. आपल्या आय.सी. इंजिन लॅबमध्ये एक जुना हार्नेस, दोन-तीन सेन्सर आणि मागे लपवलेली काही बटणं असा एक बोर्ड करू या. बटण दाबलं की कुठे वायर तुटेल, कुठे शॉर्ट होईल. विद्यार्थ्याने मोजून बिघाड शोधायचा. मार्क उत्तराला कमी, मोजण्याच्या क्रमाला जास्त. भंगारातून सामान आणायला आणि बोर्ड जोडायला मी तयार आहे, अजून चार जण हवेत.

आणि मित्रमैत्रिणींना एवढंच सांगते. कोड पूर्ण वाचा, सगळे वाचा, आणि बिल करायच्या आधी निदान तीन रीडिंग कागदावर लिहा. सप्लाय, अर्थ, सिग्नल. काही कळलं नाही तर ती ओळ आपल्या भाषेत कुणाला तरी समजावून सांगून पाहा. सांगता आली नाही, तर समजा आपल्यालाच ती अजून कळलेली नाही. आपल्या "बदलून टाका"चं बिल आपण भरत नाही. ते झाडाखाली बसलेला कुणीतरी भरत असतो.