वैक्रांत नेमके कोणते?

गेल्या पावसाळ्यात एका औषधी द्रव्यांच्या विक्रेत्याने आमच्या मुलुंड येथील चिकित्सालयात अशोधित वैक्रांताचा नमुना आणून दिला. हिरवट-जांभळे, पारदर्शक, दिसावयास मोठे मनोहर खडे. सहज म्हणून पोलादी चाकूचे टोक एकावर ओढले, तो पांढरी रेघ उमटली. लोहांना कापतो तो वैक्रांत, अशी व्युत्पत्ती रसरत्नसमुच्चयात दिली आहे. येथे लोहच त्याला कापीत होते! फुटलेल्या खड्यांची अष्टफलकी ठेवण पाहता तो फ्लोरस्पार होता, याविषयी आम्हांस संशय उरला नाही.

वैक्रांत म्हणजे टुर्मलीन की फ्लोरस्पार, हा वाद जुनाच आहे. विद्यार्थिदशेत आम्ही दोन्ही नावे एका दमात पाठ केली आणि परीक्षेत गुणही मिळविले! परंतु ही द्रव्ये सर्वस्वी भिन्न आहेत. टुर्मलीन हे बोरॉनयुक्त सिलिकेट. त्याचे काठिण्य 7 ते 7.5. ते काचेवर ओरखडा काढते आणि तापविले असता राखेचे कण ओढून घेते. फ्लोरस्पार म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड, काठिण्य अवघे 4.

ग्रंथाची साक्ष एकतर्फी नाही, हे मान्य केले पाहिजे. श्वेत, रक्त, पीत, नील आदी वर्ण दोन्ही खनिजांत आढळतात. आठ फलकांचे लक्षण तर फ्लोरस्पारलाच अधिक जुळते. तथापि वज्राच्या अभावी वैक्रांत घ्यावे, ही योजना आम्हांस निर्णायक वाटते. चाकूने ओरखडणारा खडा हिऱ्याचा प्रतिनिधी कसा व्हावा?

आणि प्रश्न केवळ शब्दार्थाचा नाही. चंद्रपूर, यवतमाळकडील भूजलातील फ्लोराइडाने दात व अस्थी विकृत झालेले रुग्ण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. कुलत्थक्वाथातील स्वेदन आणि गंधक-निंबूरसाची आठ पुटे यांनी फ्लोराइड निघून जाते, असे गृहीत धरून महिनोन्‌महिने भस्म देणे आम्हांस मान्य नाही. बल्य, वृष्य, त्रिदोषघ्न हे गुण एका द्रव्याचे आणि पुडीत द्रव्य दुसरेच, असे झाल्यास दोष शास्त्राच्या माथी येईल. म्हणून भस्माच्या वेष्टनावर मूळ खनिजाचे नाव छापलेच पाहिजे, आणि तोवर वैद्यबंधूंनी अशोधित खडा स्वतः तपासल्याखेरीज भस्म करावयास देऊ नये.

आम्ही नमुना परत केला, तेव्हा विक्रेता शांतपणे म्हणाला, “डॉक्टर, शास्त्रात दोन्ही वैक्रांतच. आपणांस कोणते हवे, ते सांगा.”