आमदाराकडे जाताना पिशवीत काय न्याल?

तहसील कचेरीत मी ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची ९ वर्षं ‘संगायो’च्या टेबलावर. संगायो म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा, अपंग, ज्यांना कुणी नाही अशा माणसांचं टेबल. तिथे बसलं की आमदारांची पत्रं रोज बघायला मिळतात.

त्या पत्रांचं पुढे काय होतं ते तुम्हाला सांगते. कारण तुमच्यातले कितीतरी जण आमदाराच्या ऑफिसात सकाळी सातलाच जाऊन बसता. एक दिवसाचा रोजगार बुडवता. सही-शिक्क्याचं पत्र हातात पडलं की काम झालं समजून घरी जाता.

मला एक बाई आठवतात. साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी, तिला वर गाठ मारलेली. त्यांच्या फायलीत आमदारांची तीन पत्रं होती, तीन वेगळ्या तारखांची. मजकूर तिन्हींत एकच. ‘सदर प्रकरणी नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी.’ तिन्हींना मी आवक नंबर टाकला होता. तिन्ही फायलीला टॅगने बांधली होती. फाइल मात्र जागची हलत नव्हती. कारण मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव दत्तात्रय होतं आणि रेशन कार्डावर दत्तू.

तसं त्रुटीचं पत्र आम्ही पोस्टाने पाठवलं होतं. बाईंना वाचता येत नव्हतं. सरकारी कागद म्हणून त्यांनी ते देवाच्या फोटोमागे जपून ठेवलं होतं.

चूक आमचीही होती. त्या दोनदा माझ्या टेबलासमोर येऊन गेल्या, मी तोंडाने एकदाही सांगितलं नाही. दोन्ही नावं एकाच माणसाची, एवढं प्रतिज्ञापत्र आणि तलाठ्याचा पंचनामा लागत होता. दोन दिवसांचं काम. त्यात सात महिने गेले.

आमदाराचं पत्र कमी पडलेला कागद भरून काढत नाही. हे एवढं मनाशी पक्कं धरा, मग पुढचं सोपं आहे.

आमदाराकडे जाण्याआधी कचेरीत जा. आपलं काम कुठे अडलंय ते विचारा. ‘होईल’, ‘बघतो’, ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर घेऊन परत फिरू नका. कोणता कागद कमी आहे, कोणाच्या सहीसाठी थांबलंय, हे विचारा. सांगितलेलं तिथेच वहीत लिहून घ्या, तारखेसह. लिहिता येत नसेल तर शिकणारी नात, पुतण्या, शेजारचं पोरगं सोबत न्या. वही बघितली की कारकुनाचा आवाज बदलतो. मीच कारकून होते, मला ठाऊक आहे.

मग काम कुणाचं ते बघा. नळाला पाणी नाही, गटार तुंबलं, खांबावरचा दिवा बंद, हे गावात ग्रामपंचायतीचं आणि शहरात नगरसेवकाचं काम. गावच्या शाळेची खोली गळते, ते जिल्हा परिषदेचं. पासपोर्ट, रेल्वे यांसाठी खासदार. २०२२ पासून कितीतरी महापालिकांत आणि जिल्हा परिषदांत प्रशासक बसले. विचारायला नगरसेवकच उरला नाही, तेव्हा गटाराचं झाकणसुद्धा आमदाराकडे जायला लागलं. ती सवय अजून गेलेली नाही.

जरा हिशोब करा. विधानसभेत २८८ आमदार. २०२४ च्या निवडणुकीला राज्यात साडेनऊ कोटींहून जास्त मतदार होते. म्हणजे एकामागे सव्वातीन लाखांच्या वर माणसं. त्यांच्या ऑफिसातला पीए वाईट नसतो, त्याच्यासमोर रांग मोठी असते. त्याला तुमचं काम एका मिनिटात कळलं पाहिजे.

म्हणून एका कामाचा एकच कागद करा. अर्ध्या पानाचा. वर नाव, गाव, फोन. खाली काय हवंय ते दोन ओळींत. अर्ज कुठे केला, कधी केला, पोच नंबर काय. आणि शेवटी, अडलंय कुठे. सोबत झेरॉक्स. अस्सल कागद कुणाकडेही ठेवायचे नाहीत, अगदी ओळखीच्या कार्यकर्त्याकडेही नाहीत. फाइल गहाळ झाली की कुणीच कबूल होत नाही.

पोच नंबरावरून आठवलं. दाखल्यांचं काम असेल तर ‘आपले सरकार’ची पावती असेलच तुमच्याकडे. ती फेकू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. त्यात कोणती सेवा किती दिवसांत द्यायची हे ठरवून दिलंय आणि ते दिवस कचेरीत फलकावर लिहिलेले असले पाहिजेत. मुदत उलटली की तुम्हाला अपील करता येतं. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम मोठी नाही, पण तो लागलेला कुणालाच आवडत नाही. आमदाराच्या पत्रात तो पावती नंबर आणि उलटून गेलेली तारीख आली, तर त्या पत्राचं वजन वेगळं. नुसतं ‘योग्य ती कार्यवाही’ लिहून आलेलं पत्र आम्ही टॅगला बांधायचो.

तालुक्याला लोकशाही दिन असतो, महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी. तिथे तहसीलदार समोर बसतात. अर्ज आधी द्यावा लागतो. आमदाराच्या दारात बसण्याआधी हा एक सोमवार वापरून बघा.

आधार कार्डावरचा पत्ता बदलायला आमदारांचा दाखला चालतो. पण तो आधारच्या ठरलेल्या नमुन्यातच हवा. तुमच्या फोटोवर सही-शिक्का आला पाहिजे. तारखेपासून तीन महिन्यांत वापरा. लेटरहेडवर ‘यांना मी ओळखतो’ असं लिहून आणलेला कागद केंद्रावरून परत येतो. मग लोक आमदारांच्या नावाने बोटं मोडतात.

आता दवाखान्याचं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण रात्री दोन वाजता आमदाराला फोन जातो तो बहुतेक याच कामासाठी. आणि घाईत माणसं उलट्या क्रमाने धावतात.

पेशंट दाखल केलात की आधी विचारा, इथे महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे का. असेल तर आरोग्यमित्र नावाचा माणूस तिथेच बसतो. त्याला रेशन कार्ड आणि आधार दाखवा. योजनेत बसत असेल तर पुढचं धावणं वाचतं.

योजनेत बसत नसेल तर बघा, दवाखाना ट्रस्टचा आहे का. धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीत ठेवाव्या लागतात. पाटीवर हॉटेलसारखं नाव असलं तरी दवाखाना ट्रस्टचा असू शकतो, म्हणून विचारायला लाजू नका. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. ‘खाट रिकामी नाही’ असं उत्तर आलं, की मग आमदाराच्या ऑफिसला फोन लावा. बहुतेकांकडे दवाखान्याचं काम बघणारा एक मुलगा असतो. कुठे फोन करायचा हे त्याला पाठ असतं. हे काम ती ऑफिसं खरंच चांगलं करतात, त्यांना नावं ठेवणाऱ्यांनीही ते मान्य करावं.

तिसरी वाट मुख्यमंत्री सहायता निधीची. त्याला डॉक्टरांनी सही करून दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, रेशन कार्ड आणि आधार लागतं. पैसे तुमच्या हातात येत नाहीत, दवाखान्याच्या खात्यात जातात. पेशंट दवाखान्यात असतानाच अर्ज करा. बिल भरून घरी आल्यावर ते पैसे परत मागता येत नाहीत. उत्पन्नाचा दाखला घरात चालू वर्षाचा काढून ठेवा. आजारी माणूस आयसीयूत आणि मुलगा तहसीलच्या रांगेत, असं मी फार वेळा बघितलंय.

या कुठल्याच कामाला आमदाराच्या ऑफिसात पैसे लागत नाहीत. ऑफिसबाहेर चहाच्या टपरीवर कुणी म्हणेल, ‘साहेबांना नाही हो, वरच्या खर्चाला द्या.’ देऊ नका. उठून आत जा. फोनवर आलेला ओटीपीही कुणाला सांगू नका, समोरचा कितीही गोड बोलत असला तरी. शाल-नारळही नको. त्या शालींचं काय होतं ते एकदा ऑफिसातल्या शिपायाला विचारा.

काही कामं घेऊन जाऊच नका. कोर्टात चाललेला दावा. भावाभावांतला बांध. पोलिसांना सांगून कुणाला सोडवणं. आमदार तिथे पडला तर समोरच्यावर अन्याय होतो. उद्या तो समोरचा तुम्ही असाल.

एक गोष्ट मात्र मला खुपते, ती बोलते. आपण आमदाराची परीक्षा घेतो कशावर? लग्नाला आला का. दहाव्याला आला का. सप्त्याला महाप्रसाद दिला का. क्रिकेटच्या स्पर्धेला पहिलं बक्षीस किती हजारांचं लावलं. लग्नसराईत एकेका दिवशी पंधरा-पंधरा मांडव होतात त्यांचे. अक्षता टाकून गाडीत बसायचं, पुढच्या मांडवात उतरायचं. मयताला यावं, माणुसकी आहे. पण त्यावरच मत ठरायला लागलं तर तो वाचणार कधी, बोलणार कधी? बरं, तेच लोक डिसेंबरात म्हणतात, ‘साहेब महिनाभर दिसले नाहीत.’ अहो, डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असतं. तिथे दिसले नाहीत तर विचारा.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. एसटीने प्रवास करणारे आमदार म्हणून लोकांना माहीत होते. त्यांच्या दुष्काळी तालुक्यातली माणसं अजून बोलतात ती मुख्यतः टेंभू योजनेच्या पाण्याबद्दल, त्यासाठी ते वर्षानुवर्षं मागे लागले होते त्याबद्दल. आणि रोजगार हमी योजना घ्या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती आधी तासगाव तालुक्यात करून पाहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. गावातल्या रिकाम्या हातांची अडचण कुणीतरी सभागृहापर्यंत नेली म्हणून ते झालं.

तेव्हा तुमच्या एकट्याचं नसलेलं काम असेल, तर ते तसंच मांडा. आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही. शाळेच्या वेळेला एसटी नाही. पुलाला कठडा नाही. अशा कामासाठी दहा घरांच्या सह्या घ्या. डॉक्टर कोणत्या तारखेपासून नाही, किती गावं त्या केंद्रावर आहेत, हे लिहा. आणि आमदारांना म्हणा, ‘ताई, यावर तारांकित प्रश्न टाका.’ मंत्र्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. प्रश्न आधी द्यावा लागतो, म्हणून अधिवेशन तोंडावर आल्यावर जाऊ नका. बरंच आधी जा. मंत्र्याने सभागृहात ‘करतो’ म्हटलं, तर त्यामागे लागायला आश्वासन समिती असते. तारीख नसलेली तक्रार आमदारांच्याही कामाची नाही. ‘डॉक्टर कधीच नसतो’ यावर प्रश्न होत नाही. ‘४ जूनपासून नाही’ यावर होतो.

आमदार निधीबद्दलही गैरसमज आहे. वर्षाला ५ कोटी त्यांच्या खिशात येत नाहीत. ते काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. त्यातून कुणा एकाला रोख पैसे देता येत नाहीत, तुमच्या मुलाची फीही भरता येत नाही. समाजमंदिर, रस्ता, शाळेची खोली, असलं सार्वजनिक काम होतं. तुमच्या वाडीत गेल्या वर्षी काय झालं ते जिल्हा नियोजन कार्यालयात विचारता येतं. नाही सांगितलं तर माहितीचा अधिकार आहे, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून.

पत्र मिळालं की तिथून लगेच उठू नका. पत्रावर जावक क्रमांक पडलाय का बघा. एक प्रत स्वतःकडे ठेवा. पत्र स्वतः कचेरीत नेऊन द्या आणि प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. पंधरा दिवसांनी फोन करा आणि तो नंबर सांगा. ‘ते मागच्या महिन्यात आलो होतो, टोपीवाले’ असं सांगितलं तर कुणाला काही कळत नाही.

आणि काम झालं की पीएला एक फोन करा. बहुतेक जण करत नाहीत. त्यांच्या वहीत तुमचं नाव ‘प्रलंबित’मध्ये राहतं, आणि झालेल्या कामासाठी पुन्हा एक पत्र कचेरीत येतं. तसली पत्रंही मी टॅगला बांधलीत.