पहिल्या धारेची समीक्षा

उष्ण कटिबंधात राहून चांगल्या बियरचा शोध घेणे हा वरवर पाहता चैनीचा विषय आहे. साहित्यचर्चेच्या जागी तो कशाला, असे कोणी विचारील. आमच्या मते हा शोध अखेर भाषेपाशी येऊन थांबतो. म्हणून हा प्रपंच.

कर्जत-खोपोली रस्त्यावरच्या कोणत्याही परमिट रूममध्ये एप्रिलच्या दुपारी बसून पाहावे. वेटर एकच प्रश्न विचारतो, "माइल्ड की स्ट्राँग?" गिऱ्हाईक उत्तर देते आणि पुस्ती जोडते, "चिल्ड आण." एवढ्यात सारी समीक्षा आटोपते. या तीन शब्दांपैकी दोन मादकतेचे प्रमाण सांगतात, तिसरा तापमान सांगतो. चव सांगणारा एकही नाही.

याचे एक कारण हवामानात आहे. आपल्याकडे बाटलीतून मिळणारी बहुतेक बियर 'लागर' या जातीची. या जर्मन शब्दाचा अर्थच साठवण. बव्हेरियातल्या गार तळघरांत सावकाश आंबवून आठवडेच्या आठवडे मुरवलेले हे पेय. कार्ल फॉन लिंडे याने १८७० च्या दशकात म्युनिकच्या बियर-कारखानदारांसाठी शीतयंत्र सिद्ध केले, तेव्हा कुठे ते बारमाही झाले आणि उष्ण देशांतही करता येऊ लागले. कर्जतच्या उन्हात आपण पितो ती प्रामुख्याने यंत्राने राखलेली थंडी. बाटली फार गार केली की जीभ बधिर होते आणि चवीचा प्रश्नच उरत नाही.

मग या हवेची स्वतःची बियर कोणती? ताडी. ताडाचा रस मडक्यात पडतो न पडतो तोच हवेतले किण्व कामाला लागते. पहाटे गोड असलेला रस दुपारपर्यंत आंबूस आणि साधारण बियरइतका मादक होतो. आणखी ठेवला तर आंबून व्हिनेगरच्या वाटेला लागतो. जी उष्णता लागरची वैरीण, तीच ताडीची दाई. डोंगराकडे सरकावे तर मोह आहे. मार्च-एप्रिलात पहाटे गळणारी त्याची फुले वेचणे हे ठाकर-कातकरी वाड्यांचे जुने काम. मोहाची मात्र आंबवून नंतर गाळतात; म्हणजे ती बियरची नव्हे, ब्रँडीची नातलग.

या पेयांना भाषेत नावे नव्हती असे मुळीच नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'तील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार कृतींसह दिले आहेत. त्यांतले मेदक म्हणजे पाणी, तांदूळ आणि किण्व. आजच्या भाषेत तांदळाची बियरच. आपल्या बोलीनेही ताडाची ती ताडी आणि माडाची ती माडी, असा झाडागणिक भेद राखला. ही विविधता 'दारू' या एका शब्दात आणि त्याला चिकटलेल्या लाजेत कशी विरली?

त्यात कायद्याचा हात मोठा आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती मक्त्याच्या आणि कराच्या चौकटीत कोंडली. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आणले. याच मुलखात उरणच्या परवानाधारक भट्ट्यांत मोहाचीच दारू गाळली जात होती. फूल तेच, सरकारला महसूल देणाऱ्या हातात तो माल, कातकऱ्याच्या झोळीत तो गुन्हा. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हा गुन्हा स्वतंत्र देशातही चालू ठेवला. दरम्यान १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या निधनानंतर, 'एकच प्याला' रंगभूमीवर आले होते. सुधाकराची शोकांतिका खोटी नाही. पण तिच्या प्रभावाने मराठी साहित्यात प्याला बहुधा नीतीची कसोटी ठरला, रुचीची क्वचितच.

येथे एक रास्त आक्षेप येतो. हातभट्टीने संसार उद्ध्वस्त केले, बायकांनी रस्त्यावर येऊन भट्ट्या फोडल्या, हे विसरून चवीच्या गप्पा मारायच्या काय? नाही. विषारी दारूने विक्रोळीत १९९१ साली नव्वदहून अधिक आणि मालवणीत २०१५ साली शंभराहून अधिक माणसे मेली. व्यसनाची जबाबदारी तर कोणत्याच कायद्याने टळणार नाही. पण मिथेनॉल हे काही परंपरेचे देणे नव्हे. जे उघड्यावर तपासले जात नाही त्यातच विष खपते. विकणाऱ्याला नाव नाही आणि पिणाऱ्याला वाईट म्हणण्याची सोय नाही, अशा बाजारात समीक्षा नसते. आणि जेथे समीक्षा नाही तेथे भेसळ सुखाने नांदते. साहित्याच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगायला नको.

२०२१ साली राज्य शासनाने मोहफुले गोळा करण्यावरचे निर्बंध उठवले, हे चांगले झाले. २०२२ साली काजू आणि मोहाच्या मद्याला 'देशी'तून काढून 'विदेशी मद्या'चा दर्जा देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. आपल्याच रानातल्या फुलाला प्रतिष्ठा द्यायची तर त्याला परदेशी म्हणावे लागते! शब्दांच्या दारिद्र्याचा याहून बोलका पुरावा आम्हांस ठाऊक नाही. खरी कसोटी पुढेच आहे. परवाना आणि तपासणी कारखान्यापाशी थांबणार की वाडीवरच्या वेचणाऱ्या-गाळणाऱ्या हातांपर्यंत पोहोचणार?

तोवर मराठीकडे गुणवत्तेचा एक अस्सल शब्द आहे, आणि तो परमिट रूममधून आलेला नाही. 'पहिल्या धारेची' हा शब्द भट्टीवर जन्मला. चोरून गाळणाऱ्यांनी तो घडवला आणि आपण सारे तो हसत हसत वापरतो. कर्जतला चांगली बियर कोठे मिळते, असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही आधी हेच विचारू: चांगली म्हणजे काय, हे सांगायला तुमच्यापाशी माइल्ड, स्ट्राँग आणि चिल्ड यांखेरीज चौथा शब्द आहे काय?