दुसऱ्याच्या पिशवीवर

रविवारी पहाटे सायकली घेऊन डोंगरवाटा तुडवणाऱ्यांचा एक पंथ पुण्यात चांगलाच फोफावला आहे. पंथ म्हटला की पोटभेद आले. एक शाखा ‘काही लागत नाही’ म्हणणाऱ्यांची. ही मंडळी खिशात मोबाईल टाकून शीळ घालीत निघतात. दुसरी ‘सगळे लागते’ म्हणणाऱ्यांची. ह्यांच्या पाठीवर दुकान असते. दोन्ही शाखा एकमेकींना हसतात. आमचे म्हणणे असे, की दोन्ही एकाच माळेच्या मणी आहेत. दोघीही दुसऱ्याच्या पिशवीवर जगतात.

दाखला घ्या. गेल्या हिवाळ्यात मुळशीकडच्या एका कच्च्या वाटेवर आम्ही आठजण होतो. एका गृहस्थांच्या टायरात बाभळीचा काटा गेला. त्यांच्यापाशी काय नव्हते? नवी ट्यूब होती, हवा भरायच्या दोन नळकांड्या होत्या, डझनभर पात्यांचे हत्यार होते. त्यांनी झटक्यात ट्यूब बदलली, एक नळकांडी रिकामी केली, आणि शंभर पावलांवर चाक पुन्हा बसले. काटा टायरातच राहिला होता! टायरच्या आतून हलकेच बोट फिरवून काटा आधी शोधायचा असतो, हे ज्ञान त्यांना कोणत्याही दुकानदाराने विकले नव्हते. दुसरी नळकांडी त्याच भोकातून निघून गेली. हातपंप आठांपैकी एकाकडेही नव्हता. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याने आणला असेल. त्या आठांत आम्हीही होतो, तेव्हा हा लेख आरोपीच्या पिंजऱ्यातूनच लिहिला आहे असे समजावे.

सायकल ढकलीत गाव गाठले. पंक्चरवाल्याने काटा काढला, ठिगळ चिकटवले आणि म्हणाला, “साहेब, ह्या बारीक व्हॉल्व्हला आमचा पंप बसत नाही.” बोटाच्या पेराहून लहान अशी एक पितळी टोपी व्हॉल्व्हवर बसवली असती, तर मोटारसायकलींच्या पंपाने काम भागले असते. तीही नव्हती. शेवटी शहरातून एक मित्र मोटार घेऊन आला, तेव्हा अंधार पडला होता.

म्हणून सामान निवडायचे ते दोन कसोट्यांवर. जी वस्तू घरच्या अंगणात एकदा तरी स्वतःच्या हाताने वापरली आहे, तीच पिशवीत जावी. आणि जी वाटेत विकत मिळत नाही, ती सर्वांआधी जावी. मागचा गिअर ज्या लहानशा पट्टीला टांगलेला असतो, ती पट्टी बहुधा मऊ अॅल्युमिनियमची असते. सायकल आपटली तर तिने वाकावे आणि सांगाडा वाचावा अशी ती योजना. पण बनावटीगणिक तिचा आकार निराळा, त्यामुळे खेड्यात ती मिळायची नाही. वजन दोन-तीन तोळे. तिच्या जोडीला साखळी जोडायची कडी, ठिगळे, न सुकलेले सोल्युशन, हातपंप आणि जखमेवर बांधायची पट्टी. पाणी मात्र हात आखडून घेऊ नये. लिटरचे वजन किलोभर होते हे खरे. पण ते पाठीवर न घेता सांगाड्याला खाली बांधले, तर उतारावर तोल जात नाही.

कोणी म्हणेल, हा हौसेचा मामला. त्यात नीती कशाला? त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. १९१३ सालच्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत यूजीन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा पिरेनीजच्या उतारावर मोडला. बाहेरची मदत नियमाने निषिद्ध. गडी सायकल घेऊन दहा किलोमीटरांहून अधिक चालला आणि खालच्या गावातल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने चिमटा स्वतः सांधला. एका पोराने भाता ओढला, एवढ्यावरून पंचांनी त्याला दंड ठोठावला. तो दंड आम्हाला आजही निर्दयपणाचा वाटतो. भाता ओढायला पोरगा मिळाला तर आनंदाने घ्यावा. आपले हात थकल्यावर मागितलेल्या मदतीत लाज कसली? पण क्रिस्तोफला लोखंड सांधता येत होते. आपण मात्र भट्टी, लोहार आणि पोरगा असे सगळेच दुसऱ्याच्या माथी मारून निघतो, आणि त्याला मोकळेपणा म्हणतो.

त्या आठांत एकाला संध्याकाळी आजारी आईला औषध द्यायचे होते. तो काही बोलला नाही. वारंवार घड्याळाकडे पाहत होता. आपल्या पिशवीत काय नाही, ह्याचा हिशेब असा दुसऱ्याच्या घरी चुकता होत असतो. येत्या रविवारी निघण्यापूर्वी शनिवारी अंगणात चाक एकदा उतरवून पाहा. त्याला दिवाळीच्या खरेदीची गरज नाही.